टँक गेमच्या ग्रुपसाठी रविवारचं वार्तापत्र: आकडा तपासून कसा टाकायचा

वर्ल्ड ऑफ टँक्स हा ऑनलाइन टँक गेम खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक वाक्य फिरत असतं: दुसऱ्या महायुद्धात एक जर्मन टायगर टँक मारायला पाच अमेरिकन शर्मन लागायचे. हे खरं वाटतं, कारण अमेरिकन टँक प्लाटूनमध्ये (छोट्या तुकडीत) पाच गाड्या असत. समोर टायगर असो की एखादी मशीनगन, प्लाटून निघायची ती पाच गाड्या घेऊनच. म्हणजे पाच हा आकडा बरोबर आहे, त्याला चिकटवलेला अर्थ चुकीचा आहे. ग्रुपसाठी दर आठवड्याला बातम्या आणि इतिहासाची माहिती काढायची असेल, तर पहिला नियम हा: अट नसलेला आकडा टाकायचा नाही. चिलखत 100 मिलिमीटर, पण कुठल्या बाजूचं? तोफेने 145 मिलिमीटर भेदलं, पण कुठल्या गोळ्याने, किती अंतरावरून, किती कोनात?

वार्तापत्र छोटं ठेवा. रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या प्लेटसोबत फोनवर वाचून होईल एवढं, म्हणजे अडीचशे ते तीनशे शब्द. दोन-तीन बातम्या, इतिहासाची एक नोंद, ओळखायला एक फोटो. यापेक्षा लांब झालं की लोक वरची ओळ वाचतात आणि खालचा भाग आपल्या मनाने जोडून पुढे पाठवतात. गडबड तिथूनच सुरू होते.

बातमी

गाडीचे आकडे बदलल्याची बातमी फक्त अधिकृत पॅच नोट्सवरून, म्हणजे गेम कंपनीच्या बदलांच्या यादीवरून घ्यायची. टेस्ट सर्व्हरवरचे (जिथे बदल आधी चाचणीसाठी टाकतात तिथले) आकडे मुख्य सर्व्हरवर येईपर्यंत बदलू शकतात, म्हणून प्रत्येक ओळीपुढे ‘टेस्ट’ किंवा ‘पक्कं’ असा शिक्का हवा. हा शिक्का राहिला की कोणीतरी चार दिवस क्रेडिट (गेममधले पैसे) साठवून गाडी घेतो आणि हाती वेगळीच गाडी पडते.

वेळेत सगळ्यात जास्त चुका होतात. घोषणा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. ‘1 तारखेला 21:00 यूटीसीला इव्हेंट संपेल’ म्हणजे आपल्याकडे 2 तारीख, पहाटे 2:30. तारीखच बदलते, आणि नेमकी तीच लिहायची राहते. युरोपची वेळ दिली असेल तर हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मिळवायचे. तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, म्हणून त्या दोन आठवड्यांत हिशेब पुन्हा करा. वार्तापत्रात मात्र फक्त भारतीय वेळ लिहा, आणि सोबत वार.

‘गाडी बफ झाली’ (ताकद वाढली) एवढंच लिहू नका, गणित दाखवा. गोळ्याचं डॅमेज (नुकसान) 390 आणि रीलोड (पुढचा गोळा भरायचा वेळ) 10 सेकंद असेल तर मिनिटाला 2340 डॅमेज होतं. रीलोड 9.5 वर आलं की 2463. वाढ साधारण पाच टक्के, म्हणजे खेळताना जाणवेल पण गाडीचा स्वभाव बदलणार नाही. डिस्पर्शन (गोळ्यांचा फैलाव) 0.36 म्हणजे नेम पूर्ण बसल्यावर 100 मीटरवर 36 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. 400 मीटरवर त्याचं 1.44 मीटर होतं. पेनेट्रेशनमध्ये (गोळा किती मिलिमीटर चिलखत भेदतो त्यात) प्रत्येक गोळ्याला साधारण 25 टक्के वर-खाली होतं, म्हणून 200 चा गोळा कधी 150 चा पडतो, कधी 250 चा. ‘200 चं 210 झालं’ या बातमीवर नाचण्याआधी हा पट्टा लिहा. आणि पॅच नोट्समधला रीलोड आपल्या गॅरेजमधल्या रीलोडशी जुळणार नाही. तुमच्या आकड्यात क्रूचं कौशल्य आणि बसवलेली उपकरणं मिसळलेली असतात. जुना मूळ आकडा आणि नवा मूळ आकडा, हीच तुलना चालते.

कोन मोजायचा कुठून

इतिहासाच्या नोंदीत सगळ्यात मोठा घोळ कोनाचा. सोव्हिएत टी-34 चं पुढचं वरचं चिलखत 45 मिलिमीटर, उभ्या रेषेपासून 60 अंश कललेलं. काही तक्त्यांत हाच कोन आडव्या रेषेपासून मोजून 30 अंश लिहिलेला असतो. दोन्ही बरोबरच, पण सूत्रात घालताना गफलत झाली की खेळ खलास. समोरून येणाऱ्या गोळ्याला प्रत्यक्ष भेदावी लागणारी जाडी म्हणजे जाडी भागिले कोनाचा कोसाइन: 45 भागिले कोसाइन 60 म्हणजे 90 मिलिमीटर. चुकून 30 घातला तर उत्तर येतं 52. मग ‘टी-34 चं चिलखत कागदाचं होतं’ अशी पोस्ट तयार. म्हणून प्रत्येक कोनापुढे ‘उभ्यापासून’ हा एक शब्द लिहाच.

जर्मन पँथरचं उदाहरण घ्या. वरची प्लेट 80 मिलिमीटर, उभ्यापासून 55 अंश. हिशेब 139 च्या पुढे जातो. टायगरची पुढची प्लेट 100 मिलिमीटर, पण जवळजवळ सरळ. म्हणजे समोरून पाहिलं तर हलकी पँथर जड टायगरपेक्षा जास्त टणक. ही नोंद टाकली की ग्रुपवर हमखास ‘कुठून आणलं बे हे?’ येतं, म्हणून गणित सोबतच द्या.

गेममध्ये त्यात आणखी एक पायरी आहे. साध्या एपी (चिलखत भेदणाऱ्या) गोळ्याला 5 अंशांचं नॉर्मलायझेशन मिळतं, म्हणजे गोळा प्लेटकडे थोडा वळतो. टी-34 चे 60 अंश 55 धरले जातात आणि 90 चे 78 होतात. कोन 70 अंशांच्या पुढे गेला की एपी गोळा सरळ उसळतो. पण तोफेचा कॅलिबर (नळीचा आतला व्यास) प्लेटच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल तर उसळणं रद्द. इतिहासाचा आकडा आणि गेमचा आकडा म्हणूनच वेगवेगळ्या ओळीत लिहायचे, एकाच वाक्यात कधीच नाही.

इतिहास खेळात कामी येतो तो असा. 1943 मध्ये टायगरच्या क्रूसाठी जर्मन सैन्याने काढलेल्या पुस्तिकेत सांगितलं होतं की शत्रूला नाक सरळ दाखवू नका, तो घड्याळातल्या साडेदहा किंवा दीडच्या दिशेला येईल अशी गाडी उभी करा. हे झाले 45 अंश. गणित करून पाहा: पुढचे 100 होतात 141, बाजूचे 80 होतात 113. दोन्ही सारखे हवे असतील तर साधारण 39 अंश, तिथे पुढून-बाजूने दोन्हीकडे 128 च्या आसपास. नवे खेळाडू 60 अंशांपर्यंत गाडी फिरवतात. पुढून 200 दिसतात आणि मन खूश होतं, पण बाजू 92 वर आलेली असते आणि समोरचा तिथेच मारतो. ‘टायगरमध्ये काही दम नाही’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण इथे चुकलेले असतात.

तीन शिक्के

प्रत्येक गाडीच्या नोंदीवर तीनपैकी एक शिक्का मारा: लढलेली, बनलेली पण न लढलेली, कागदावरची. टी-34-85 लढलेली. 188 टनांच्या जर्मन माऊसचे दोनच नमुने तयार झाले. आज रशियातल्या कुबिंकाला उभी आहे ती एकाचा हल (खालचा सांगाडा) आणि दुसऱ्याचा टरेट (वरचा फिरता मनोरा) जोडलेली. अमेरिकेच्या टी-28 चेही दोनच, त्यातली एक 1974 मध्ये व्हर्जिनियातल्या लष्करी तळावर झाडीत सापडली. तिचं वजन ‘95 टन’ लिहिलेलं असतं ते अमेरिकन छोट्या टनात, 907 किलोच्या. मेट्रिकमध्ये 86. ब्रिटिश लांब टन 1016 किलोचा. म्हणून वजन लिहिताना टन कुठला ते पाहायचं.

लढलेल्या गाडीवरही सांभाळून. गेममधल्या टायगरला 88 मिलिमीटरची एल/71 तोफ बसवता येते. प्रत्यक्षात लढाईत गेलेल्या टायगर-1 वर एल/56 होती, एल/71 आली टायगर-2 वर. ‘दोन्ही 88 च ना’ असं कोणी म्हटलं तर काडतुसाची लांबी सांगा: एकाची 571 मिलिमीटर, दुसऱ्याची 822. ‘एल’ पुढचा आकडा कॅलिबरने गुणला की नळीची लांबी निघते: 56 गुणिले 88 म्हणजे 4.9 मीटर, 71 गुणिले 88 म्हणजे जवळपास 6.25 मीटर. फोटोत एवढा फरक डोळ्याला दिसतो.

आपल्या लोकांना सगळ्यात जवळची नोंद पंजाबमधल्या खेमकरणची, 1965 च्या भारत-पाक युद्धातली. ती लिहिण्याची एक रीत अशी:

‘असल उत्तर (खेमकरणजवळचं गाव), 8 ते 10 सप्टेंबर 1965. पाकिस्तानच्या पॅटन गाड्यांवर 90 मिलिमीटरच्या तोफा. आपल्याकडे 3 कॅव्हलरी रेजिमेंटच्या सेंच्युरियनवर 20 पाउंडर, म्हणजे 84 मिलिमीटर. डेक्कन हॉर्सच्या शर्मन आणि 8 लाइट कॅव्हलरीच्या एएमएक्स-13 सोबतीला. उसाची शेतं, पाणी सोडून केलेला चिखल, त्यात अडकलेल्या पॅटन. 4 ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या 106 मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने लढले, परमवीर चक्र मरणोत्तर. गेममधली दहाव्या टियरची (पायरीची) पॅटन 105 मिलिमीटरची आहे. ती एम-48ए5, पुढच्या दशकातली सुधारणा. खेमकरणला ती नव्हती.’

शेवटची तीन वाक्यं या नोंदीचा जीव आहेत. ती नसतील तर वाचणारा दहाव्या टियरच्या पॅटनची ताकद 1965 मध्ये नेऊन ठेवतो. एएमएक्स-13 बद्दलही तेच. खऱ्या गाडीत सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती ड्रम असत, आणि ती संपली की भरायला क्रूला बाहेर यावं लागे. गेममध्ये मॅगझिन आत बसूनच भरतं.

वर्षभराच्या तारखा आधीच लावून ठेवल्या की शनिवारी रात्री धावपळ होत नाही: 15 सप्टेंबर (1916, टँक पहिल्यांदा लढाईत उतरला), 16 सप्टेंबर (1965, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर), 1 नोव्हेंबर (1948, जोजिला खिंडीत स्टुअर्ट टँक), 21 नोव्हेंबर (1971, गरीबपूर, आपल्या पीटी-76 विरुद्ध पाकिस्तानी चॅफी), 16 डिसेंबर (1971, बसंतर, अरुण खेत्रपाल). जोजिलाची नोंद फोटोशिवायही चालते. साडेअकरा हजार फुटांवर, टरेट काढून वर नेलेल्या गाड्या. स्टुअर्ट म्हणजे गेममधली चौथ्या टियरची चिल्लर समजणाऱ्यांना ती नक्की वाचायला द्या.

फोटो

चौकात, छावणीच्या फाटकावर किंवा बागेत ठेवलेला रणगाडा ‘पाकिस्तानी पॅटन’ म्हणूनच पुढे पाठवला जातो. आधी चाकं मोजा. पाच मोठी चाकं आणि पहिल्या-दुसऱ्यात जास्त फट असेल तर टी-54 किंवा टी-55 कुळातली. सहा चाकं जोडीजोडीने बसवलेली आणि वर पत्र्याचे स्कर्ट असतील तर बहुधा सेंच्युरियन. पॅटनच निघाली तर पुढचा भाग पाहा. हलच्या पुढ्यात मशीनगन असेल तर एम-47, पाच जणांच्या क्रूची. पुढचा भाग होडीसारखा गोल आणि मशीनगन नसेल तर एम-48.

खात्रीने शिकायचं तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. 1994 मध्ये सुरू झालेलं, आणि आपल्याच राज्यात. नागपूरहून एक रात्रीचा प्रवास आहे, पण माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता एकाच आवारात पाहायला मिळतात. तिथे फोटोला परवानगी कशाची आहे ते आधी विचारा. मग प्रत्येक गाडीचे चार काढा: पुढून तिरका, पूर्ण बाजू, नळीचं टोक, माहितीची पाटी. पाटीचा फोटो नसेल तर आठवड्याने कुठला फोटो कुठल्या गाडीचा हे कोणालाच सांगता येत नाही.

नागपूरच्या ग्रुपने एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त जपायची. अंबाझरीला आयुध निर्माणी, जवळच भंडारा आणि चांदा, कामठीला गार्ड्स रेजिमेंटल सेंटर. ग्रुपवर कोणाचे ना कोणाचे काका, वडील, भाऊ तिथे कामाला असतातच. 2021 मध्ये वॉर थंडर हा दुसरा गेम खेळणाऱ्या एकाने गेममधला ब्रिटिश टँक चॅलेंजर-2 चुकीचा आहे हे सिद्ध करायला खऱ्या टँकच्या पुस्तिकेची पानं टाकली होती. वाद खेळातला, पण कागद सैन्याचा. आपल्याकडे 1923 चा शासकीय गुपिते कायदा आहे, आणि तो गेमचा वाद म्हणून सूट देत नाही. त्यामुळे कारखान्यातला फोटो, गोळ्याचं ड्रॉइंग, रेल्वेवर लादून चाललेल्या गाड्यांचा व्हिडिओ, ‘बाबांनी सांगितलं’ असा आकडा, यातलं काहीही घ्यायचं नाही. कोणी टाकलंच तर ॲडमिनने लगेच सगळ्यांसाठी डिलीट करावं आणि त्या व्यक्तीला खाजगीत सांगावं. तिथे चर्चा केली की तोच मजकूर उद्धृत होऊन पुन्हा फिरतो. सेवेत असलेल्या गाड्यांवर लिहायचं तर अधिकृतरीत्या जाहीर झालेलंच. आणि निवृत्त गाड्यांचा इतिहास इतका मोठा आहे की बाकीच्याची गरज पडत नाही.

चूक निघाली तर जुना मेसेज डिलीट करू नका. तो आधीच दहा जणांनी पुढे पाठवलेला असतो. त्यालाच रिप्लाय करून ‘दुरुस्ती’ हा शब्द सुरुवातीला लिहा, चुकीचा आकडा, बरोबर आकडा आणि त्याची अट द्या. पुढच्या रविवारच्या वार्तापत्रात तीच ओळ सगळ्यात वर, बातम्यांच्याही आधी.