मासे कधी खाल्ले नसतील, तर सुरुवात अशी करा

माझी धाकटी जाऊ अमरावतीची. लग्न होऊन नेरूळला आली तेव्हा समुद्रातला मासा तिनं कधी चाखलाही नव्हता. पहिल्याच रविवारी घरात करली आली. चवीला करलीला तोड नाही, पण तिच्या मांसात केसासारखे बारीक काटे असतात. दुसऱ्याच घासाला जाऊबाईंच्या घशात काटा रुतला, तो डॉक्टरकडे जाऊन काढावा लागला, आणि पुढची दोन वर्षं ती माशाच्या ताटाला शिवली नाही. चूक आमची होती. नवख्या माणसाला करली वाढायची नसते.

मासे नको म्हणणाऱ्यांची कारणं साधारण तीनच असतात: वास, काटे आणि 'कच्चं राहिलं तर?' पहिल्या दोघांचा निकाल बराचसा बाजारातच लागतो, म्हणून आधी बाजार.

काय घ्यायचं, कसं ओळखायचं

नवी मुंबईकरांना बेलापूरजवळचं दिवाळे गाव सोयीचं. ठाण्यात चेंदणी किंवा महागिरीच्या बाजूला राहणाऱ्यांना ओळखीची कोळीण शोधायला लांब जावं लागत नाही. रविवारी गर्दी असते, भावही चढे असतात. नवख्यानं बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी जावं, म्हणजे विचारायला आणि बघायला वेळ मिळतो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा शिकायचा मुहूर्त नारळी पौर्णिमेनंतरचा धरा.

पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी घ्या: कोळंबी, सुरमई, पापलेट. कोळंबीला काटाच नाही. सुरमईच्या तुकडीत मधोमध एक जाड काटा असतो, तो बोटाला लगेच लागतो. पापलेटचं मांस मधल्या काट्यावरून अलगद सुटतं. बांगडा चविष्ट आणि स्वस्त, पण तेलकट आणि वासाला उग्र, त्याला थोडं थांबू द्या.

मासा हातात घेऊन बघायला संकोच करू नका. मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा नुसती उभी होते. कोळणीनंच सुरमईचा कल्ला अंगठ्यानं उचलून दाखवला, "बघ बाय, रंग बघ." आत ओला, लालभडक रंग होता. तो तपकिरी किंवा राखाडी दिसला तर पुढे चला. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत. अंगावर बोट दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. कोळंबीचं डोकं घट्ट चिकटलेलं हवं, काळं पडलेलं नको. आणि नाक जवळ न्या: ताज्या माशाला समुद्राच्या पाण्यासारखा वास येतो. लांबूनच घाण वास आला तर तो मासा शिळा आहे, मसाल्यानं काही लपत नाही.

साफ तिथेच करून घ्या. "सुरमईच्या बोटभर जाडीच्या तुकड्या करा", "पापलेटचं पोट साफ करून तीन-तीन तुकडे करा", "कोळंबी सोलून दोरा (पाठीतली काळी शीर) काढून द्या", एवढं सांगितलं की काम होतं. डबा घरून न्या, वर मूठभर बर्फ मागून घ्या आणि थेट घरी या. हे मी आग्रहानं सांगते, कारण सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) असे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. लोक त्याला 'मासे सोसत नाहीत' म्हणतात आणि कायमचे सोडून देतात.

खरी ॲलर्जी मात्र वेगळी. खेकडा किंवा कोळंबी खाऊन कधी ओठ खाजले, सुजले असतील तर कोळंबी करूच नका. आधी कधी खाल्लीच नसेल तर पहिल्या दिवशी तीन-चार तुकड्यांवर थांबा.

धुणं

मासा मेला की जिवाणू त्याच्या मांसातल्या एका द्रव्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो बराचसा याचाच. आंबट लागलं की हे बांधलं जातं, हवेत उडत नाही. आपल्या आज्या लिंबू, कोकम, चिंच वापरत आल्या ते चवीसाठी आणि यासाठीही. तेव्हा मासे दोनदा गार पाण्यात धुवा, मीठ, हळद, लिंबू चोळून १० मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी पूर्ण ओतून टाका. वासाचा मोठा भाग त्या पाण्यात असतो.

पहिला दिवस: कोळंबीचं सुकं

सोललेली पाव किलो कोळंबी. कढईत तीन चमचे तेल, त्यात सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, मग दोन बारीक चिरलेले कांदे. कांदा पुरता लालसर होऊ द्या, इथे घाई नको. अर्धा चमचा हळद, दोन चमचे आगरी-कोळी मसाला, मीठ, चार कोकमं आणि पाव वाटी पाणी घालून दोन मिनिटं उकळा. मग कोळंबी. चार-पाच मिनिटांत ती गुलाबी होऊन चंद्रकोरीसारखी वळते, तिथेच गॅस बंद. घट्ट वेटोळं होईपर्यंत ठेवली तर ती रबरासारखी लागते. वर कोथिंबीर, सोबत तांदळाची भाकरी.

दुसरी खेप: तळलेली सुरमई

चार तुकड्या घ्या. धुऊन निथळल्यावर फडक्यानं टिपून कोरड्या करा. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं दोन चमचे वाटण, दीड चमचा मसाला आणि मीठ बेताचं लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ताटलीत तीन चमचे बारीक रवा आणि एक चमचा तांदळाचं पीठ एकत्र करून तुकडी दोन्ही बाजूंनी दाबून घोळवा.

तव्यावर तीन-चार चमचे तेल तापू द्या. रव्याचा कण टाकला की चुर्र झाला पाहिजे. तुकड्या सोडल्यावर आच मध्यम करा आणि चार मिनिटं हात लावू नका. नवखी माणसं इथेच चुकतात: दर अर्ध्या मिनिटाला उलथन्यानं उचलून बघतात, मग रवा तव्याला चिकटतो आणि मासा उघडा पडतो. कवच धरलं की तुकडी आपोआप सुटते. एकदाच उलटा, दुसरी बाजू तीन मिनिटं. झालं की नाही हे बघायला मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक घाला. मांस दुधासारखं पांढरं दिसून पाकळ्या सुटल्या की झालं, काचेसारखं अर्धपारदर्शक असेल तर आणखी मिनिटभर.

जाऊबाईंनी दोन वर्षांनी पहिला घास घेतला तो या तुकडीचा. मी मधला काटा त्यांच्यासमोर काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि सांगितलं, मोठा काटा एवढाच. पोटाकडच्या बाजूला दोन-चार असतात, तो भाग मी घेते. लहान मुलांनाही पाठीकडचा भाग द्या, तोही बोटांनी एकदा चाचपून.

पापलेटचं भुजणं

वसई-पालघरकडचा हा पदार्थ मला सगळ्यांत सोपा वाटतो, कारण फोडणी नाही, परतणं नाही. तीन कांदे उभे पातळ, एका बटाट्याच्या पातळ चकत्या. मूठभर कोथिंबीर, आठ लसूणपाकळ्या, चार हिरव्या मिरच्या यांचं जाडसर वाटण. हळद, मीठ, तीन कोकमं, तीन चमचे कच्चं तेल. सगळं रुंद पातेल्यात हातानं कुस्करा. मूळ पद्धतीत मासाही याच वेळी पडतो, पण मी आधी अर्धी वाटी पाणी घालून बटाटा झाकणाखाली आठ मिनिटं शिजवून घेते, म्हणजे बटाट्यासाठी मासा जास्त शिजत नाही. मग पापलेटचे तुकडे एका थरात लावून पुन्हा झाकण, मंद आचेवर सात मिनिटं. चमचा घालू नका. फडक्यानं पातेलं धरून गोल हिंदकळा.

जेवण झाल्यावर

हातांना साबणाआधी लिंबाची साल चोळा. तवा आणि ताटं आधी गार पाण्यानं विसळून मग साबणानं घासा. काटे आणि सालं कागदात गुंडाळून कचरा त्याच रात्री बाहेर काढा, सकाळपर्यंत ठेवलात तर घरभर वास त्याचाच येणार. तळलेली तुकडी लगेच संपवावी. उरलेलं भुजणं मात्र गार होताच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर, न ढवळता, नीट वाफ येईपर्यंत गरम करा. कोकम तोवर चांगलं मुरलेलं असतं.