दुकानात इंटरनेटचा फोन घेण्याआधी

सेल्समनला बोलावण्याआधी आठवडाभर गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. तयारीतलं हे पहिलं काम, आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन किती वाजता आला, कुठून आला, काय हवं होतं, कुणी घेतला आणि त्याच वेळी दुसरा फोन वाजत होता का, एवढंच लिहायचं. आमचं दुकान बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही-बेल्टचं. दुकान बेळगावात, गोडाऊन उद्यमबागेत, निपाणीला छोटी शाखा. आम्हाला वाटायचं, दिवसाला दोनशे फोन येतात. वहीत भरले सत्तर-ऐंशी. पण साडेदहा ते बारा या वेळात एकदम चार-चार, कारण फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना काय बिघडलंय ते तेव्हाच कळतं. ‘चॅनेल’ म्हणजे नेमकं हेच : एका वेळी बाहेरच्यांशी किती बोलणी चालू शकतात. ‘एक्स्टेंशन’ म्हणजे आत किती जणांकडं फोन आहे. आमच्याकडं एक्स्टेंशन नऊ, चॅनेल पाच, आणि पुरतात. कंपनी माणशी पैसे लावते की चॅनेलमागं, यावर सगळं कोटेशन फिरतं, आणि ते वही समोर नसेल तर कळतच नाही.

मग प्रकार समजून घ्या, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. जुनी इंटरकॉमची पेटी, म्हणजे ईपीएबीएक्स, आपल्याला माहीत आहे. आयपी पीबीएक्स म्हणजे तीच पेटी, पण सॉफ्टवेअरची. ती तुमच्या दुकानात बसेल किंवा कंपनीच्या सर्व्हरवर. कंपनीकडं असली की तिला क्लाउड किंवा होस्टेड म्हणतात. तिला बाहेरची लाइन तांब्याच्या तारेऐवजी इंटरनेटवरून मिळते, त्या लाइनीला ‘सिप ट्रंक’ म्हणायचं. ‘पीआरआय’ हा शब्दही कानावर येईल. त्यात एका जोडणीत तीस चॅनेल असतात, आपल्यासारख्या दुकानाला त्याची गरज नाही. दुसरी वस्तू म्हणजे ‘क्लाउड टेलिफोनी’. यात टेबलावर फोनच नसतो. ग्राहक एका नंबरवर लावतो आणि तो कॉल तुमच्या पोरांच्या मोबाइलवर वळतो. दोन दिवसांत सुरू होते, वायरिंग नाही. पण वळवलेल्या कॉलच्या मिनिटांचे पैसे बहुतेक ठिकाणी तुमच्या खात्यातून जातात, म्हणून येणाऱ्या कॉलचा दर आणि पल्स, म्हणजे पैसे मोजायचा टप्पा, किती सेकंदांची, हे लिहून घ्या. आम्ही पहिला प्रकार घेतला, कारण काउंटरवरच्या माणसानं मोबाइल खिशातून काढला की तो पुढची दहा मिनिटं खिशात परत जात नाही.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. इंटरनेटवरून साध्या फोनला जोडून देणं आपल्या देशात बरीच वर्षं मोकळं नव्हतं; २०१८ साली दूरसंचार विभागानं परवानाधारक कंपन्यांसाठी ती वाट खुली केली. म्हणून नंबर परवानाधारकाकडूनच घ्या. डबाभर सिमकार्डं घालून स्वस्तात कॉल देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहासुद्धा विचारू नका, तो धंदा बेकायदा आहे. केवायसीला पॅन, जीएसटीचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण जीएसटीवर शहराचं नाव ‘बेळगावी’ आणि दुकानाच्या जुन्या लायसन्सवर ‘बेळगाम’. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, आमचा कागद त्याआधीचा. घरात काय म्हणायचं ते आपण म्हणतोच, पण अर्जाला जोडलेल्या सगळ्या कागदांवर एकच नाव असू द्या.

नंबर बदलणार असेल तर त्यावर घरात आधी बोला. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीकडं पोर्ट करून नेता येत नाही. आमचा ०८३१ चा नंबर बाबांनी घेतलेला, बिलबुकांवर, टेम्पोच्या मागं, गिऱ्हाइकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांवर. (गोव्याचा कोड ०८३२, त्यामुळं वर्षातून दोन-चारदा पणजीच्या कुणाला तरी विचारणारे फोन आम्हाला येतात, तेही आता ओळखीचे झालेत.) आम्ही जुनी लाइन बंद न करता नव्या व्यवस्थेत जोडून घेतली. त्यासाठी ‘एफएक्सओ’ पोर्ट असलेला गेटवे लागतो. बाबांचा जुना बटणांचा फोन तसाच ठेवायचा होता, त्याला ‘एटीए’ नावाची छोटी डबी लागते, आणि तिच्यात ‘एफएक्सएस’ पोर्ट असतो. हे दोन शब्द विक्रेतेसुद्धा उलटे बोलतात. एफएक्सएस फोनला डायलटोन देतो, एफएक्सओ बाहेरची लाइन घेतो. बिलावर उलटं आलं तर डबी परत पाठवण्यात आठवडा जातो.

आता आवाजाचं. इथं जरा थांबतो, कारण आमच्या धंद्यात इथंच पैसे जातात. बेअरिंग ६२०५ आणि ६३०५, दोन्हींचं आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास मात्र एकाचा ५२, दुसऱ्याचा ६२. म्हणजे चुकीचं बेअरिंग शाफ्टवर छान बसतं आणि हाउसिंगमध्ये जात नाही, आणि हे कळतं गोकाकच्या गिऱ्हाइकाला, मिस्त्री मशीन उघडून बसल्यावर. फोनवर ‘बासष्ट शून्य पाच’ आणि ‘त्रेसष्ट शून्य पाच’ यांतला फरक पहिल्या अक्षरापुरता, आणि आवाज दाबला की नेमकं तेच अक्षर विरतं. इंटरनेटवरून पाठवताना आवाज किती दाबून लहान करायचा हे ‘कोडेक’ ठरवतो. जी.७११ मध्ये साध्या लँडलाइनसारखा आवाज, एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस इंटरनेट लागतं. जी.७२९ ला ३१ केबीपीएस पुरतात, पण बोलणं डब्यातून आल्यासारखं. जी.७२२ ला एचडी म्हणतात, तो दोन्ही टोकांना चालत असेल तर दुकान-गोडाऊन आपसात बोलताना फारच स्वच्छ. डेमोच्या दिवशी विक्रेत्याला ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणू देऊ नका, आपल्या मालाचे नंबर बोलायला लावा. आमच्या काउंटरवर उपाय आधीपासूनच होता : नंबर परत म्हणून दाखवताना कन्नडमधून म्हणायचा. ‘अरवत्तेरडू’ आणि ‘अरवत्मूरू’ यांत घोळ होत नाही. गिऱ्हाईक पक्का मराठी असला तरी.

वरचे आकडे बघितले तर पाच कॉलना अर्धा एमबीपीएससुद्धा लागत नाही. म्हणून ‘शंभरची लाइन आहे, काळजी नको’ यात काही अर्थ नाही. बघायचं ते अपलोड, आणि पाकिटं, म्हणजे आवाजाचे पाठवलेले छोटे तुकडे, किती वेळात, किती सारख्या अंतरानं पोचतात ते. आवाज एका टोकाहून दुसऱ्याला जायला १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. ‘जिटर’, म्हणजे पाकिटांच्या अंतरातली खाली-वर, ३० च्या आत. गळती एक टक्क्याच्या आत. आमच्या गोडाऊनला सीसीटीव्हीचे सहा कॅमेरे रात्रंदिवस क्लाउडवर चित्र चढवत होते. चोर्ला घाटात ट्रकमागं अडकलेल्या मोटरसायकलीसारखा आवाज त्यामागं रखडायचा. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ चालू करून आवाजाला पुढं काढायचं असतं. राउटर घेताना ते आहे का ते विचारा.

राउटरमध्येच आणखी एक खोड असते. ‘सिप’ म्हणजे फक्त निरोपानिरोपी : लावला, वाजला, उचलला, ठेवला. प्रत्यक्ष आवाज ‘आरटीपी’ या वेगळ्या वाटेनं जातो. त्यामुळं असं होऊ शकतं की फोन नीट वाजतो, उचलला जातो, आणि एकालाच दुसऱ्याचं ऐकू येतं. आमच्याकडं हे चार दिवस चाललं. पलीकडून माणूस ओरडतोय, ‘हॅलो, आवाज येईना की ओ!’ आणि आमच्या पोराला सगळं लख्ख ऐकू येतंय, त्याचं मात्र तिकडं पोचत नाही. फोनवाले इंटरनेटवाल्यांवर ढकलत होते, इंटरनेटवाले फोनवाल्यांवर. शेवटी राउटरमधलं ‘सिप एएलजी’ नावाचं मदतीसाठी दिलेलं सेटिंग बंद केलं आणि पाच मिनिटांत मिटलं. तेव्हा करार करताना एक प्रश्न विचारा : बिघाड झाला तर दुकानात प्रत्यक्ष कोण येणार, हुबळीहून की बेळगावातूनच?

वीज. तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून अंधारातही जुना फोन वाजायचा. आता तसं नाही. पहिल्याच वळवाच्या पावसात वीज गेली, इन्व्हर्टरवर दिवे लागले, पंखे फिरले आणि नऊच्या नऊ फोन मेले. राउटर इन्व्हर्टरवर होता, फोनना नेटवर्कच्याच वायरीतून वीज देणारा पीओई स्विचही होता. माळ्यावरची फायबरची डबी तेवढी साध्या सॉकेटला. तासभर कुणाला सुचलं नाही. फायबरची डबी, राउटर, स्विच या तिघांचा प्लग स्वतः हातानं धरून बघा. आणि ११२ साठी एक साधा मोबाइल दुकानात चार्ज करून ठेवाच.

सुविधांची यादी भली लांब असते, पण वही उघडलीत तर कामाच्या चार-पाचच निघतात. ‘आयव्हीआर’ म्हणजे ‘कन्नडसाठी एक, मराठीसाठी दोन’ म्हणणारा आवाज. आमच्याकडं तो दोनच पायऱ्यांचा आहे, आणि निवेदन आमच्याच हिशेबाच्या मुलीनं तिन्ही भाषांत केलंय. भाड्याच्या आवाजात ‘उद्यमबाग’ फार परकं वाटत होतं. ‘रिंग ग्रुप’मध्ये सगळे फोन एकदम वाजतात, ‘हंट ग्रुप’ एकामागून एक फोन शोधत जातो, ‘क्यू’मध्ये ग्राहक गाणं ऐकत रांगेत थांबतो. क्यू मी घेतला नाही. आपल्याकडचा माणूस गाणं ऐकत थांबत नाही, तो फोन ठेवून शेजारच्या दुकानाला लावतो. ‘ट्रान्सफर’ दोन तऱ्हेची : ‘ब्लाइंड’ म्हणजे ढकलून मोकळं, ‘अटेंडेड’ म्हणजे आधी गोडाऊनवाल्याला ‘निपाणीचे पाटील आहेत, मागच्या मालाची तक्रार आहे’ असं सांगून मग जोडायचं. पोरांना दुसरीच शिकवा. ‘सॉफ्टफोन’ म्हणजे मोबाइलवरच्या ॲपमध्ये दुकानाचं एक्स्टेंशन. आमचा एक जण शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत राहतो. ०८३१ चा कॉल त्यानं तिथून घेतला, लावला तर चालतं का, हे कंपनीकडून लेखी मागा. तोंडी ‘चालतंय की’ वर जाऊ नका. रेकॉर्डिंग हवं असेल तर सुरुवातीलाच ग्राहकाला ऐकवा की बोलणं नोंदवलं जातंय. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तसंही न सांगता नोंदवणं बरं दिसत नाही.

पासवर्ड बसवणाऱ्यासमोरच बदला. एक्स्टेंशन १०१ चा पासवर्ड १०१, असं ठेवून जाणारे मी पाहिलेत. असे फोन शोधत फिरणारी यंत्रं रात्रभर जागी असतात, आणि त्यांना एक सापडला की सकाळपर्यंत परदेशी कॉलचं बिल तयार. आयएसडी बंद करून घ्या, बाहेरच्या कॉलना रोजची मर्यादा लावून घ्या.

शेवटी चाचणी, तीही बाजाराच्या गर्दीच्या वेळेला. पाच मोबाइलवरून एकदम लावा, सहावा कुठं जातो ते बघा. मेन स्विच पाडा. इंटरनेटची वायर काढा आणि कॉल ठरवलेल्या मोबाइलवर आपोआप वळतो का बघा. याला ‘फेलओव्हर’ म्हणतात. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य, हा १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम पोरांना अजून सांगावा लागतो. हे सगळं दसऱ्याच्या आत उरका. नव्या वर्षाची कॅलेंडरं त्यानंतर छापायला जातात, आणि प्रेसवाला प्रूफ घेऊन आला की विचारतो, ‘नंबर तोच ना?’