प्रागच्या जुन्या शहरात आई-वडिलांना नेताना या चुका टाळा

गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या आप्तांना प्रागला नेताना केवळ नकाशावरील अंतरे पाहून दिवस आखणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण तेथे दमवते ते अंतर नव्हे, तर चढ, पायऱ्या आणि दगडी फरसबंदी. चार्ल्स ब्रिज जेमतेम 516 मीटर लांब आहे; तरीही दुपारच्या गर्दीत, दगडांवरून हिसके खात तो ओलांडणे त्रासाचे होते, म्हणून तेथे सकाळी लवकर जावे. खुर्चीची पुढची लहान चाके फटींत अडकतात. अशा ठिकाणी खुर्ची किंचित मागे कलती करून मोठ्या चाकांवर ढकलावी आणि तीव्र उतारावर ती उलटी, म्हणजे तिची पाठ उताराकडे करून, सावकाश उतरवावी. काठीचे झिजलेले रबरी बूच घरूनच बदलून न्यावे, कारण ओल्या दगडांवर ते हमखास घसरते.

खरी कसोटी किल्ल्यापाशी लागते. जुने शहर व्ल्टावा नदीच्या उजव्या तीरावर बहुतांशी सपाटीवर वसलेले आहे, तर किल्ला पलीकडच्या टेकडीवर आहे. पूल ओलांडला की नेरुदोवा रस्त्याने चढत जाण्याचा मोह होतो. तो टाळून 22 क्रमांकाच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ या थांब्यावर उतरावे, म्हणजे तेथून बराचसा सपाट रस्ता किल्ल्याच्या दुसऱ्या चौकात नेतो. थांब्यावरील वेळापत्रकात कमी उंचीच्या तळाच्या, म्हणजे पायरी न चढता आत जाता येणाऱ्या ट्राम व्हीलचेअरच्या चिन्हाने दाखवलेल्या असतात, तीच वेळ धरावी. परतताना अनेक जण गर्दीच्या ओघात पूर्वेकडच्या दरवाजाने बाहेर पडतात आणि समोर किल्ल्याच्या जुन्या, लांबलचक पायऱ्या उभ्या राहतात. थकलेल्या गुडघ्यांना उतरणे चढण्याहून अधिक दुखावते, म्हणून आलेल्या वाटेनेच परतणे हिताचे. किल्ल्यातील सेंट व्हिटस कॅथेड्रलच्या मोठ्या मनोऱ्याच्या 287 पायऱ्यांचा विचारही करू नये.

‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर विसंबून हॉटेल ठरवणे ही माझी स्वतःची चूक होती. जुन्या इमारतींत लिफ्ट पुष्कळदा चार-सहा पायऱ्या चढल्यावर सुरू होते आणि तिचे दार अरुंद असते. आरक्षणापूर्वी रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्टच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर आहे, हे लेखी विचारावे आणि ती रुंदी आपल्या खुर्चीशी ताडून पाहावी. त्याचप्रमाणे, युरोपीय संघातील विमानतळांवर व्हीलचेअरची मदत विनाशुल्क मिळते, परंतु ती किमान 48 तास आधी विमान कंपनीला कळवावी लागते.

याच्या उलट चूकही होते. मनोरा म्हटला की आई-वडिलांना खाली बाकावर बसवून ठेवले जाते. वास्तविक 1410 सालचे खगोलीय घड्याळ ज्या जुन्या टाऊन हॉलवर आहे, त्याच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे आणि व्हीलचेअरसह वर जाता येते.