मे महिन्यातला वळीव आणि कोकणातली सुट्टी: या चुका टाळा

पावसाची चाहूल घ्यायची म्हणजे समुद्राकडे बघायचं, ही आम्हा कोकणातल्या माणसांची सवय. जून ते सप्टेंबर ती खरीही ठरते. वळीव मात्र उलट्या वाटेने येतो. सकाळभर समुद्राचं बाष्प सह्याद्रीच्या कड्यांना चढत राहतं, दुपारी दोन-तीनला घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि वरच्या थरातला पूर्वेचा वारा त्यांना संध्याकाळपर्यंत खाली किनाऱ्याकडे ढकलतो. त्या वेळी समुद्रावर लख्ख ऊन असतं. मुंबईहून आलेले पाहुणे आकाश निळं बघून नदीवर जातात, आणि गावातलेही ‘आज काय येत नाही’ म्हणून मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते. मे महिन्यात दुपारी बारानंतर दर तासाला एकदा तरी डोंगराकडे बघा.

ही चूक मी स्वतः केली आहे. शाळेत असताना आम्ही चार-पाच पोरं व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोंडीत डुंबत होतो. पाणी जेमतेम कमरेएवढं, वर ऊन. शेजारचे आबा गुरं घेऊन साकवावरून (लहान पुलावरून) चालले होते, ते थांबले आणि ओरडले, “पोरांनू, भायर सरा! वर डोंगरात काळा केल्यान हा!” आम्ही हसलो. आबा हसले नाहीत, काठी उगारून खाली आले. आम्ही कपडे घालेपर्यंत निवळशंख पाणी तांबडं झालं, त्यावर पातेरा (वाळका पाला) आणि काटक्या तरंगत आल्या, आणि थोड्याच वेळात ज्या कातळावर आमच्या चपला होत्या तो कातळच दिसेनासा झाला. आमच्या अंगावर तोवर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

असं होतं कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नद्या शंभर किलोमीटरसुद्धा धावत नाहीत. घाटातून उतरतात त्या थेट खाडीला मिळतात. त्यात सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरचा) जांभ्याचा कातळ उन्हाने भाजलेला असतो. त्यावर पाणी मुरत नाही, पत्र्यावरून घरंगळावं तसं खाली येतं. गटारं आणि मोऱ्या वर्षभराच्या पातेऱ्याने बुजलेल्या, आणि रस्त्याचं काम चालू असेल तिथे मातीचे ढिगारे नेमके पाण्याच्या वाटेवर. जुलैत जो पाऊस सहज वाहून जातो, तोच मे महिन्यात रस्त्यावर येतो.

म्हणून पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या आल्या, किंवा वरच्या अंगाला घरघर ऐकू आली, तर ‘बघूया किती वाढतं’ करू नका. काठाने खाली पळण्यापेक्षा बाजूला, चढावर जा. सामान पलीकडच्या काठावर राहिलं असेल तर राहू द्या. तुम्हीच पलीकडे अडकला असाल तर तिथेच उंचावर बसा. व्हाळाचं पाणी येतं तितक्याच लवकर उतरतं, बहुतेक वेळा दोन-तीन तासांचा प्रश्न असतो.

गाडीवाल्यांची चूक वेगळी. कॉजवेवरून पाणी चाललेलं असतं, पुढची एक गाडी पार झालेली असते, आणि मग मागच्याला जोर येतो. वीतभर वेगवान पाणी माणसाचे पाय उखडतं. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत जीपसुद्धा हातात राहत नाही. शिवाय तांबड्या पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की वाहून गेलंय हे वरून कळत नाही. घुसलाच असाल आणि इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी आत गेलं असेल तर इंजिन कायमचं जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या धडपडीत वेळ जाईल. काचा विजेवर चालतात तोवरच खाली करा, पट्टा काढा, मुलांना आधी बाहेर काढा. गाडीचा विमा असतो.

विजेबद्दल मात्र आपल्याकडे जितकी भीती, तितकंच अज्ञान. पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसावर वीज पडते असं म्हणत आजही एखाद्या पोराला घरात कोंडतात, आणि बाकीचे खळ्यात वाळवण गोळा करत फिरतात! आंबापोळी, आमसुलं, सांडगे भिजू नयेत म्हणून पहिल्या गडगडाटाला धावत सुटणं ही माझ्या मते कोकणातली सगळ्यात मोठी चूक, कारण ती सगळ्यात प्रेमाने केली जाते. वाळवण काढायचं ते डोंगर काळा दिसला की, गडगडल्यावर नव्हे. कलमावर चढून, हातात घळ (आंबे उतरवायची काठी) घेऊन ‘एवढी फांदी उतरवतो’ म्हणणाऱ्यालाही तेच सांगणं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तिनाने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. मधल्या दहा मिनिटांच्या शांततेला फसणारे पुष्कळ.

आसरा म्हणजे पक्कं घर किंवा बंद टपाची मोटार. माडाखाली, आंब्याखाली, शहाळ्याच्या टपरीत, रिक्षात आसरा नसतो. मे महिना लग्नांचा, त्यामुळे मांडवाचंही सांगायला हवं. लोखंडी पाइपांचा, वर कापड ताणलेला मांडव पावसापासून थोडा वाचवेल, विजेपासून आणि वाऱ्यापासून नाही. वऱ्हाड घरात किंवा देवळाच्या बंदिस्त सभामंडपात न्या, पंगत तासभर उशिरा बसेल. सड्यावर उघड्यात सापडलात तर आडवे पडू नका. पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून लांब. आणि कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

इशाऱ्यांचे रंगही लोक चुकीचे वाचतात. हवामान खात्याचा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हा रंग बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याला असतो. वळीव मालवणात कोरडा ठेवून कणकवलीला झोडपू शकतो, म्हणून ‘काल नारिंगी होता, काही झालं नाही’ हा हिशेब आज कामाचा नाही. सकाळचा रंग बघून झाला की दुपारी पुढच्या तीन तासांचा ताजा इशारा बघा, आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. (जोराच्या प्रत्येक सरीला ढगफुटी म्हणायची पद्धत पडली आहे. तासाभरात १०० मिलिमीटर कोसळला तर ती ढगफुटी.) आणि मे महिना म्हणजे फक्त वळीव, असंही धरून चालू नका. २०२५ साली मोसमी पाऊसच २५ मे रोजी देवगडला पोचला होता आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला.

खाडीकाठच्यांनी भरतीची वेळ पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते, चतुर्थीला साधारण तीन वाजता. पुनव-अवसेच्या उधाणात नदीचं पाणी बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तेव्हा तीच सर जास्त चढते.

तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. लांब राहा, गुरांना अडवा, १९१२ वर महावितरणला कळवा. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर शुद्धीकरण होईपर्यंत ते पिऊ नका. पायाला जखम असताना चिखलातून गेलात आणि पुढे ताप आला, तर डॉक्टरांना चिखलाचं सांगा, लेप्टोची (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका वेळेत येते. आणखी काही मदत लागली तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७.

राहिला परतीचा रविवार. चाकरमानी दुपारी माशाचं जेवण करून, फणस डिकीत घालून दोनला निघतात आणि चार-पाचला आंबा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणांवर नेमके ढगाच्या पोटात सापडतात. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो, दरडीचे दगड सुटतात, धुकं वेगळंच. सकाळी सहाला निघा. डबा बांधून घ्या आणि घाट चढून गेल्यावर जेवा.