ग्रीन कॅम्पस करताय? मग या चुका टाळा

नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम येणार असली की विद्यापीठात एकदम हालचाल सुरू होते, ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट, रंगीत डस्टबिन, बोर्ड, कुंड्या, सगळं. नॅकच्या निकषांत पर्यावरण आहे हे चांगलंच आहे, त्यामुळे निदान विषय तरी निघतो. पण टीम परत गेली की सोलर पॅनल कोण पुसणार, खतखड्डा कोण हलवणार, हे कुणाच्याच ड्युटीत नसतं. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक कॅम्पसवर वस्तू कमी नाहीयेत, रोज लक्ष देणारा नेमलेला माणूस नाहीये. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

सगळ्या कॅम्पसला एकच मीटर

महावितरणचं एचटी (उच्चदाब) कनेक्शन एक, बिल एक, ते अकाउंट्सला जातं आणि भरलं जातं. आता लायब्ररी जास्त वीज खाते का हॉस्टेल का केमिस्ट्रीची लॅब, कुणालाच माहीत नसतं, मग बचत करणार कुठे? आधी बिल्डिंगनिहाय सबमीटर बसवा, अगदी सोलरच्याही आधी, आणि दर महिन्याचं रीडिंग विभागप्रमुखांना पाठवा. रात्री बंद असलेल्या बिल्डिंगचा मीटर जोरात पळताना दिसला की शोधायला सुरुवात करा, पंप, गीझर, चालू राहिलेला एसी, काहीतरी नक्की सापडतं.

आणि पंखे! साधा सीलिंग फॅन साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा फॅन 30 च्या आसपास. हॉस्टेलला पंखा दिवसाचे 12 तास तरी चालतोच, म्हणजे एका पंख्यामागे रोज अर्धा युनिट वाचतो आणि 1000 पंख्यांमागे जवळपास 540 युनिट. आपल्याकडे 1 किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट देतं असं धरलं, तर ही बचत 135 किलोवॅटच्या प्लांटएवढी झाली. सोलर बसवूच नका असं म्हणत नाहीये, पण आधी गळती थांबवा, मग लागेल तेवढंच सोलर घ्या. आणि पॅनल धुवायला गच्चीवर नळ आणि माणूस दोन्ही टेंडरमध्येच लिहून घ्या.

एसटीपीचा वास येतोय

एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, त्याची ही तक्रार जवळजवळ सगळीकडे असते आणि कारणं पण ठरलेलीच. पहिलं म्हणजे वीज वाचवायला रात्रभर ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवतात. टाकीतलं काम जिवाणू करतात, त्यांना हवा लागते, हवा तोडली की ते मरतात, पाणी काळं पडतं आणि घाण वास सुटतो. दुसरं, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये ॲसिड आणि फिनाईल भरमसाट ओततात, ते थेट त्याच टाकीत जातं. तिसरं मेसचं तेल, ते अडवायला ग्रीस ट्रॅप असतो पण तो साफ कोण करणार हे ठरलेलं नसतं, मग तेलाचा थर पाईपात बसतो.

पाणी काळं पडलं असेल तर सेंट फवारून काही होत नाही. ब्लोअर सलग चालवा, चालू स्थितीतल्या दुसऱ्या एसटीपीतून थोडा गाळ आणून टाका किंवा शेणकाला टाका, आणि दोनतीन आठवडे धीर धरा. मे महिन्यात हॉस्टेल रिकामं असतं तेव्हा जिवाणूंना खायला काही नसतं आणि जूनमध्ये एकदम सगळी मुलं येतात, त्यामुळे सुट्टीत प्लांट पूर्ण बंद न करता थोडा थोडा चालू ठेवा.

पाला जाळायचा आणि अन्न बाहेर पाठवायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की कॅम्पसच्या कोपऱ्यात धूर दिसतो, आणि त्याच वेळी मेसच्या खतखड्ड्याला वास येतो, माश्या होतात, अळ्या होतात म्हणून तो बंद करून टाकतात. खरंतर ओल्या अन्नाला नेमका हा सुका पालाच हवा असतो! अन्नाचा एक थर, त्यावर पाल्याचा जाड थर, आठवड्यातून एकदा हलवायचं, पाणी सुटत असेल तर पाला वाढवायचा, बस. पाला पावसाआधी पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवला तर वर्षभर पुरतो. आणि झाडणाऱ्या मावशींना जागा दाखवा, पोती द्या, फक्त जाळू नका म्हणून ऑर्डर काढली तर त्या तरी काय करणार.

5 जूनचं झाड

5 जूनला, पर्यावरण दिनी, फोटो निघतो, पण मराठवाड्यात तेव्हा भरवशाचा पाऊस नसतो आणि रोपं वाळतात. खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, चांगले दोनतीन पाऊस झाले की लावा, आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची सोय असेल तेवढीच लावा. भराभर हिरवं दिसतं म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, कोनोकार्पस लावू नका, कोनोकार्पसवर तर गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली. बहावा, करंज, कडुनिंब, पांगारा, काटेसावर लावा. कॅम्पसमध्ये गवताळ टेकडी असेल तर ती मोकळी जागा म्हणून भरून टाकू नका, ससे, मोर, टिटव्या त्या गवतावरच जगतात. जुन्या झाडांच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेत ते आधी काढा.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. 1000 चौरस मीटर गच्चीवर 700 मिमी पाऊस म्हणजे 7 लाख लिटर पाणी, पण पावसाआधी गच्ची झाडली नाही आणि फिल्टर साफ केला नाही तर कचराच बोअरमध्ये जातो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आवारातली तळी आणि विहिरी सांभाळून बाहेरच्या पाण्यावरचा भार बराच कमी केलाय, ते एकदा जाऊन बघा.

बंद कॉम्प्युटरने भरलेली खोली

प्रत्येक विभागात अशी एक खोली असते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे विभागाच्या सामानाच्या वहीत, नोंद असल्यामुळे कुणी हात लावत नाही आणि जुनं सामान वहीतून कमी करणाऱ्या निर्लेखन समितीची मीटिंग वर्षानुवर्षं होत नाही. वर्षातून एकदा तारीख ठरवून समिती बसवाच. चालू होणारी मशीन गरजू कॉलेजांना किंवा शाळांना द्या, उरलेलं फक्त नोंदणीकृत रिसायकलरला द्या, 2022 च्या ई-वेस्ट नियमांत तेच सांगितलंय, भंगारवाल्याला नको. आणि यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या त्या खोलीत ठेवूच नका, त्यातून ॲसिड गळतं, नवीन घेताना जुन्या परत घेण्याची अट पर्चेस ऑर्डरमध्येच टाका.