बागेची शैली ओळखायची कशी, निवडायची कशी

नवी बाग बघायला गेले की मी आधी झाडं बघत नाही, रेषा बघते. वाट सरळ जाते की वळते? पाणी बांधून घेतलंय की मोकळं सोडलंय? माणसाने बागेतून फिरावं अशी योजना आहे, की एका जागी बसून बघावं अशी? एवढं कळलं की शैली कळते. गुलाब सगळीकडेच असतात. दगडी दिवा आणून ठेवला म्हणून बाग जपानी होत नाही.

सरळ रेषांपासून सुरुवात करू. चारबाग मूळची इराणची, मुघलांनी ती आपल्याकडे आणली. चारही बाजूंनी भिंत, काटकोनात छेदणारे पाण्याचे पाट, त्यातून झालेले चार भाग. वाटा उंच आणि वाफे खाली, त्यामुळे चालताना फुलं पायाच्या पातळीवर दिसतात. दिल्लीला हुमायूनच्या कबरीभोवती ही रचना स्पष्ट दिसते. पण मला खरी मोहिनी घालते ती चादर, म्हणजे पाणी वरच्या टप्प्यावरून खाली आणणारी उतरती दगडी शिळा. तिच्यावर खवल्यांसारखी नक्षी कोरतात. नुसत्या गुळगुळीत दगडावरून पाणी काचेसारखं, जवळजवळ न दिसता घसरलं असतं. खवल्यांवर ते फुटतं, पांढरं होतं, आवाज करतं. जहांगीराने 1619 च्या सुमारास सुरू केलेल्या श्रीनगरच्या शालीमार बागेत तर धबधब्यामागे दिव्यांसाठी कोनाडे आहेत. ऊन कडक आणि पाणी मोजकं असेल, तर या शैलीइतकी शहाणी शैली मला दुसरी दिसत नाही. लहान अंगणात वीतभर रुंदीचा एक पाटही पुरतो; फक्त पाणी काठाला टेकलेलं ठेवा, खोल गेलं की तो गटारासारखा दिसतो.

फ्रेंच बागही भूमितीचीच, पण तिला भिंतीची ओढ नाही, क्षितिजाची आहे. बागरचनाकार आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेचं काम 1661 च्या सुमारास हाती घेतलं. तिथला मोठा कालवा दीड किलोमीटरहून लांब आहे आणि सगळी रचना राजवाड्याच्या मध्यरेषेवर बेतलेली आहे. कातरलेली कुंपणं हा तिचा प्राण. त्यातलं एक जरी वाकडं वाढलं तरी नजर तिथेच अडकते, म्हणून कात्री हाती धरायला माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

अठराव्या शतकात इंग्लंडने हे सगळं मोडून काढलं. लॅन्सलॉट ब्राउन (1716–1783) याने सरळ वाटा पुसल्या, तळी वळणदार केली, हिरवळ थेट घराच्या पायरीपर्यंत आणली. गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाऐवजी खोलगट चर आणि त्याला आतून भिंत, म्हणजे खिडकीतून बघताना हद्द दिसतच नाही. ही शैली एकरांत शोभते. छोट्या जागेने तिच्याकडून एकच गोष्ट घ्यावी: हद्द झाडीत लपवणं.

जपानी कोरडी बाग मात्र चालण्यासाठी नसतेच. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरात पांढऱ्या खडीवर 15 दगड आहेत आणि सज्जावर कुठेही बसलात तरी एखादा तरी नजरेआड राहतो. खडीवर दाताळ्याने रेघा ओढतात, दगडांभोवती शेवाळ राखतात. घरी करायचं असेल तर दगड विषम संख्येने घ्या आणि प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा तरी मातीत पुरा. नुसता वर ठेवलेला दगड ट्रकमधून उतरवल्यासारखा दिसतो. पुरलेला जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो. गळणाऱ्या पानांच्या झाडाखाली मात्र खडी टाकू नका, रोज वेचत बसाल.

अलीकडची नैसर्गिक शैली डच बागरचनाकार पीट औडॉल्फ यांच्या कामातून समजून घ्यावी. न्यूयॉर्कच्या जुन्या मालगाडीच्या उंच मार्गावर 2009 मध्ये खुली झालेली हाय लाइन हे त्याचं उदाहरण. इथे आधी झाडाचा आकार बघतात, रंग नंतर. गवतं आणि वाळलेली बोंडंसुद्धा उभीच ठेवतात, कारण तीही सुंदर असतात आणि पाखरांना दाणे मिळतात. छाटणी वर्षातून एकदा, पण झाडांनी जमीन झाकेपर्यंत तण काढण्याला पर्याय नाही.

आता तुमची जागा. घरातून बाग सगळ्यात जास्त कुठून दिसणार आहे, तिथे खुर्ची टाकून बसा. समोर दिसणारी मुख्य रेषा दोरी आणि खुंट्या लावून आखा, वर फक्की टाका. दोन माणसं शेजारून चालायची तर वाट चार फुटांपेक्षा अरुंद नको. रोप आणण्याआधी त्या रेषांवरून काही दिवस येजा करा. पाय जिथे फक्की ओलांडून जवळची वाट धरतात, तिथे आखणी बदला. बागेसाठी आठवड्यात किती वेळ देणार, हेही आत्ताच ठरवा.

दोन शैली आवडत असतील तर एकीच्या रेषा घ्या आणि दुसरीची लागवड. इंग्लंडमधल्या सिसिंगहर्स्टमध्ये 1930 नंतर हेच झालं: हॅरॉल्ड निकोल्सन यांनी सरळ कुंपणांच्या खोल्या आखल्या आणि व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी त्या भरभरून, सैल हाताने लावल्या. दोन शैलींच्या रेषा एकमेकींत घातल्या तर दोन्ही बिघडतात. लागवड कितीही मोकळी असली तरी ताठ रेषा तिला सावरून धरते.