ऊद मेथाला उतरलात की

दुबईत नवा आलेला मराठी ख्रिस्ती माणूस पहिल्यांदा विचारतो, चर्च कुठे आहे? उत्तर सोपं आहे. मेट्रोच्या ग्रीन लाइनने ऊद मेथा स्टेशनला उतरा आणि चालत जा. सेंट मेरीज कॅथलिकांचं, होली ट्रिनिटी अँग्लिकनांचं, दोन्ही त्याच भागात आहेत. काम जबेल अली भागात असेल तर तिकडेही चर्चची आवारं आहेत. होली ट्रिनिटीच्या आवारात पहिल्यांदा गेलात तर गोंधळाल. एका हॉलमधून मल्याळी गाणं, शेजारून तमिळ, पलीकडे फिलिपिनो मंडळी, आणि तुमची वेळ संपायच्या आत पुढची मंडळी दारात उभी. जायच्या आधी फोन करून वार विचारा. मी २००६ साली नगरहून आलो तेव्हा शुक्रवार हाच आमचा रविवार होता. जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, पण दुकानात, साइटवर, हॉस्पिटलच्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांची सुट्टी कॅलेंडर बघून येत नाही. त्यामुळे शुक्रवारची उपासना काही बंद पडली नाही.

हे सगळे सांगतात. चर्चमधल्या माणसांशी कसं जमवायचं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि सहा महिन्यांनी नेमका त्यावरूनच फोन येतो.

गावाकडे कुणाशी बिनसलं तर माणूस दुसऱ्या चर्चला जातो, नाहीतर चार महिने घरी बसतो. इथे आपली मराठी संगती, म्हणजे उपासनेला जमणारी मंडळी, ती मोजकी कुटुंबं. ज्याच्याशी वाजलं, त्याच्याच गाडीतून घरी परतायचं असतं. त्याचीच बायको तुमच्याकडच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू देणार आणि रविवारी पेटीवर तोच बसणार. पळायला जागाच नाही. मला वाटतं, इथल्या ख्रिस्ती जीवनातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे. माझ्या बायकोला हे अजिबात पटत नाही.

माझंच सांगतो. आल्यावर दुसऱ्या वर्षी संगतीतल्या एकाला मी दोन हजार दिरहम हातउसने दिले. तेव्हा माझा पगार साडेतीन हजार. दोन महिन्यांत देतो म्हणाला, आठ महिने झाले. तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याच्या शर्टाची कॉलर मागून उसवलेली होती, ती मला अजून दिसते. त्या आठ महिन्यांतला एकही उपदेश आठवत नाही. मग त्याच्या हातात नवा मोबाइल दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी तिघांना सांगितलं. अर्थात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. आपल्यात चहाडीला एवढं सोवळं नाव दुसरं नाही. कुणी आवाज खाली आणून ‘भावासाठी प्रार्थना करा’ म्हणालं की समजा, आता बातमी येतेय.

एका प्रभुभोजनाला मी जागेवरून उठलोच नाही. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, हे बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन तेव्हा मनात होतं असं म्हणायला बरं वाटतं. खरं कारण असं की तो पुढे गुडघे टेकून होता आणि मला त्याच्या शेजारी टेकायचे नव्हते.

त्याच आठवड्यात दुबईच्या सतवा भागात त्याच्या खोलीवर गेलो. सहा पलंग, त्याचा वरचा. रात्रपाळीला जायचं होतं म्हणून तो युनिफॉर्मला इस्त्री करत होता. कंपनीने तीन महिने पगार दिला नव्हता. मोबाइल खोलीतल्या एकाने सुट्टीवर जाताना सांभाळायला दिलेला. यातलं मला काहीच माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. पुढे त्याने महिन्याला दोनशे असे सात हप्ते दिले, मग नोकरी गेली आणि तो गावी परतला. सहाशे राहिले. ते मी सोडून दिले असं मी म्हणतो, पण आकडा अजून पाठ आहे, यावरून काय ते समजा.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकटा जा, एकांतात बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे. तरीही नाही तर मंडळीला सांग. आपण हे बरोबर उलटं करतो. आधी ग्रुपवर, मग दोघा-तिघांच्या कानात आणि सगळ्यात शेवटी, तेही कुणी विचारलंच तर, त्या माणसाला. नव्या माणसाला मी दुसरं काही सांगत नाही. आधी खोलीवर जा. फोन नको, मेसेज तर नकोच. आणि उपाशीपोटी जाऊ नका, भुकेल्या माणसाचा समेट टिकत नाही.

मेसेज नको याला इथे आणखी एक कारण आहे. या देशात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला शिवी दिली, बदनामी केली तर तो सायबर कायद्याखाली गुन्हा होतो. गावाकडच्या ग्रुपवर चालतं ते इथे पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतं. वर्गणीचंही तसंच. कुणाचं ऑपरेशन निघालं, नोकरी गेली की आपल्या मनात पहिलं येतं ते ग्रुपवर ‘यथाशक्ती पाठवा’ टाकणं. परवानगीशिवाय असे पैसे गोळा करणं इथे कायद्याने बंद आहे. मन मोठं असलं तरी गुन्हा तो गुन्हा. चर्चच्या ऑफिसला विचारा, नाहीतर ज्याला द्यायचंय त्याच्या हातात स्वतःच्या खिशातलं द्या. मय्यत गावी न्यायची वेळ आली किंवा माणूस पूर्ण अडकला तर आपल्या वकिलातीकडे जा, तिथे अशा कामासाठी इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो. आणि खोलीचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने जातं, तेव्हा प्रभूमधला कितीही जवळचा भाऊ असला तरी त्याच्या खोलीसाठी आपल्या नावाचा चेक देऊ नका. हातउसनेही, परत आले नाहीत तर झोप उडणार नाही, एवढेच द्या.

आता एक जुनं दुखणं. संगतीत पहिल्या चहाला तुम्हाला विचारतील, “तुम्ही कुठले?” मग, “मिशन कुठलं?” नगरकडच्यांना कळेल: अमेरिकन मिशन, एसपीजी (अँग्लिकनांचं मिशन), साल्व्हेशन आर्मी की रोमन कॅथलिक? यातली पहिली दोन १९७० साली सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, एकत्र आली, पण जुन्या माणसांच्या तोंडी वेगळीच राहिली. वसईकर भेटले तर त्यांचा चर्चशी संबंध पोर्तुगीज काळापासूनचा, ते आपल्याला कालचे समजतात. पण मिशनच्या प्रश्नाखाली पुष्कळदा दुसराच प्रश्न असतो. बाप्तिस्म्याच्या आधी तुमचे आजे-पणजे कोण होते, कोणत्या वस्तीत राहायचे. आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं, तरी समोरच्याचं समाधान होत नाही तेव्हा ओळखावं. माझ्या मुलीच्या स्थळाच्या वेळी एका ‘विश्वासी’ घरातून हा प्रश्न सरळ आला. मी उत्तर दिलं नाही, चहा संपवला आणि उठलो. ते लोक आजही उपासनेत भेटतात, जय ख्रिस्त होतं. क्षमा केली का? काही आठवडे केलेली असते, काही आठवडे नसते.

खोलीतले सोबती बहुतेक ख्रिस्ती नसतील. रमजानमध्ये रोजा असलेल्या सोबत्यासमोर ताट घेऊन बसू नका, एवढं तर शेजारधर्मातच येतं. कुणाला आपल्या धर्मात ओढायचा प्रयत्न, पत्रकं वाटणं, हे इथे कायद्याने बंद आहे. गणपतीत मराठी मित्र आरतीला बोलावतील. मी जातो, मागे उभा राहतो, मोदक खातो. बायको मोदक खात नाही. पौलाने करिंथकरांना मूर्तीच्या नैवेद्याबद्दल लिहिलंय ते आम्ही दोघांनी वाचलंय आणि दोघांनी वेगळं उत्तर काढलंय. यावर संगतीत कुणी तुमची परीक्षा घेऊ लागलं तर त्याला रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, खाण्यावरून भावाचा न्याय करू नका असं सांगणारा, वाचायला सांगा आणि विषय बदला.

एका बाबतीत मात्र माझं मत वळणार नाही. नवरा मारतो आणि बाईला सांगितलं जातं, “सत्तर वेळा सात क्षमा कर, प्रार्थना कर, बाहेर बोलू नको.” असं सांगणाऱ्याला मी तोंडावर अडवलंय, पुढेही अडवीन. ते वचन पेत्राच्या ‘माझ्या भावाला किती वेळा क्षमा करू’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. मार खात राहायचा हुकूम त्यात कुठेच नाही. पोलीस ९९९. बायका-मुलांसाठी दुबई फाउंडेशनचा नंबर ८००१११. दोन्ही पाठ करा, आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला तर प्रार्थना दार वाजवल्यानंतर करा.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे करंज्या, चकल्या होतात. नवीन असाल तर या, हात कमीच पडतात. सारणाच्या खसखशीच्या नादात आधी करामा भागातल्या दुकानांत फेरी मारू नका: खसखस या देशात बंदी असलेली वस्तू आहे, गावाहून बॅगेत तर मुळीच आणू नका. तिच्याशिवायचं सारण आता आम्हाला जमलंय. येताना लाटणं मात्र आणा. आमच्याकडे दोनच आहेत, आणि त्यातलं एक गेल्या वर्षी बायकोशी अबोला धरून गेलेल्या बाईंचं आहे. त्यांनी ते अजून नेलेलं नाही, आणि आमच्याकडूनही कुणी द्यायला गेलेलं नाही.